शेततळ्यातील मासे पहाटेच का मरतात?

श्रावणात चार-पाच दिवसांची झड लागावी, सूर्यदर्शन नाही, वारा पडलेला. आणि तांबडे फुटता फुटता शेततळ्यावर गेलेल्या शेतकऱ्यास कडेकडेने पांढरी पोटे वर करून पडलेली मासळी दिसावी, असा प्रसंग वऱ्हाडातील कोणाही मत्स्यसंवर्धकावर ओढवू शकतो. आदल्या सायंकाळपर्यंत मासे खेळत होते, टाकलेले खाद्य खात होते. अंगावर जखम नाही, खवले गळालेले नाहीत, रोगाची कोणतीच खूण नाही. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो विषाचा. धुऱ्यावरून मागील उन्हाळ्यात कोणाशी बोलाचाली झालेली असते, वाटेच्या हक्कावरून कोणाचा राग असतो. तेवढे निमित्त संशयास पुरे होते. गावात कुजबुज सुरू होते आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जाते.

पुढे घडते ते अधिकच वाईट. कोणी जाणता माणूस पाणी तपासून घेण्याचा सल्ला देतो. तोवर सूर्य डोक्यावर आलेला असतो. दुपारी बारा-एकच्या सुमारास बाटली भरली जाते, दुसऱ्या दिवशी ती शहरात पोहोचते आणि पाण्यात प्राणवायू पुरेसा असल्याचा अहवाल येतो. हवेची उणीव नव्हती असे कागदावर ठरले, म्हणजे विषाचाच संशय पक्का झाला! वस्तुतः तो अहवाल खोटा नसतो. केवळ चुकीच्या वेळेचा असतो. पहाटे चार वाजता तळ्यात जे पाणी होते ते दुपारी बारा वाजता तेथे नसतेच, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ही एक गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या नीट ध्यानी आली, तर माशांचे व माणसांचेही बरेच नुकसान टळेल, असे आमचे मत आहे. यास्तव मासे मेले असता प्रथम विचारावयाचा प्रश्न "कोणी?" हा नसून "केव्हा?" हा होय.

पाण्यातील हवा व तिचा दिनक्रम

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांवाटे घेतो. हवेच्या एका लिटरात सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. उलट ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. आपल्यापाशी कोठार आहे, माशापाशी मूठभर दाणे आहेत. पाणी जसजसे तापते तसतशी ती मूठही लहान होते: २० अंशांस लिटरी सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ४० अंशांस साडेसहादेखील मावत नाही. याच वेळी उष्णतेमुळे माशाचे श्वसन मात्र वाढलेले असते. अकोल्यास मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही, हे लक्षात घेता वऱ्हाडातील मासा उन्हाळ्यात किती काटकसरीने जगतो याची कल्पना येईल. कटला, रोहू व मृगळ या जाती लिटरी ५ मिलिग्रॅम वा अधिक प्राणवायू असता चांगल्या वाढतात. तो ३ च्या खाली गेला की त्यांचे खाणे मंदावते व त्या अस्वस्थ होतात. आणि १ च्या आसपास फार काळ राहिला की मरू लागतात.

हा प्राणवायू तळ्यात दोन वाटांनी येतो. थोडासा वाऱ्याने व लाटांनी हवेतून मिसळतो. उरलेला, आणि साचलेल्या पाण्यात बहुतांशी, पाण्यातील सूक्ष्म हिरव्या वनस्पतींपासून मिळतो. तळ्याच्या पाण्यास जो हिरवट रंग येतो तो यांचाच. उन्हात त्या आपले अन्न तयार करतात व प्राणवायू बाहेर टाकतात. मात्र सूर्य मावळताच हे काम थांबते. श्वसन तर वनस्पतीसही चुकलेले नाही. रात्रभर त्या माशांप्रमाणेच प्राणवायू घेतात व कार्बन डायॉक्साइड सोडतात. वनस्पती प्रकाशात हवा शुद्ध करते आणि अंधारात ती दूषित करते, ही गोष्ट यान इंगेनहूस या डच वैद्याने १७७९ साली इंग्लंडात पुष्कळ प्रयोग करून दाखविली. आपल्या शेततळ्यातील पहाटेच्या मरतुकीचे मर्म त्या जुन्या प्रयोगांत आहे.

आता रात्रीचा हिशेब पाहू. सूर्यास्ताच्या सुमारास तळ्याची तिजोरी भरलेली असते. रात्री जमा जवळजवळ नाही, खर्च मात्र तिघांचा: मासे, हिरव्या वनस्पती आणि तळाशी कुजणारे शेण, खाद्य व पालापाचोळा. सूर्योदयापूर्वीच्या तासाभरात शिल्लक सर्वांत कमी होते. एरवी ती पुरते. पण दिवसच जर ढगाळ गेला तर तिजोरी अर्धीच भरते, आणि रात्रीचा खर्च तर तेवढाच राहतो. झडीच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी शिल्लक घटत घटत एका पहाटे संपते. वारा पडलेला असल्यास हवेतूनही काही मिळत नाही. सूर्य चांगला वर आला की वनस्पती पुन्हा कामास लागतात, आणि दुपारी भरलेल्या बाटलीत पुरेसा प्राणवायू सापडतो. गुन्हा घडल्यावर जागा पुसून काढावी तसे सूर्यच येथे करतो.

पाणी अधिक हिरवे म्हणजे तळे अधिक चांगले, ही समजूत याच कारणाने धोक्याची आहे. फार दाट हिरवळ म्हणजे दिवसा मोठी मिळकत व रात्री त्याहून मोठा खर्च. ती किती असावी हे पाहण्याची साधी युक्ती आहे. एक पांढरी थाळी दोरीस आडवी बांधून, दुपारी उन्हात, पाण्यात हळूहळू सोडावी व ती दिसेनाशी होताच दोरीची लांबी मोजावी. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की याने १८६५ साली भूमध्य समुद्राच्या पाण्याचा स्वच्छपणा अशाच पांढऱ्या तबकडीने मोजला होता. मत्स्यतळ्यात ही खोली ३० ते ४० सेंटिमीटर असावी. ती २० च्या आत आली तर शेण व खत टाकणे त्या दिवसापासून बंद करावे. पाणी मातकट असेल तर मात्र ही कसोटी फसवी ठरते. कारण आपल्या काळ्या जमिनीचा गाळही थाळी झाकतो, आणि गाळ प्राणवायू निर्माण करीत नाही.

मृग नक्षत्रातील मरतूक

झडीखेरीज आणखी एक प्रसंग जपण्याचा आहे. तीन मीटर खोलीच्या तळ्यात उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते व खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहते. दोहोंची सरमिसळ होत नाही. खाली प्रकाश नाही व हवाही पोचत नाही. तळाच्या कुजणाऱ्या गाळाने तेथील प्राणवायू संपविलेला असतो आणि त्या जागी कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू साठतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस वादळासह कोसळला की वरचे पाणी एकाएकी गार होऊन खाली जाते व तळचे वर येते. शिवाय वावरातील पहिला लोंढा काडीकचरा व शेणखत घेऊन तळ्यात उतरतो. पावसाने आनंदलेल्या शेतकऱ्याचे मासे त्याच रात्री मरतात. तळ्याच्या वरच्या अंगास चर खणून पहिला लोंढा बाजूने काढून द्यावा.

घरची काचपेटी

अमरावती-अकोल्यासारख्या शहरांतून आणि आता मोठ्या गावांतूनही घरात काचेच्या पेटीत शोभेचे मासे पाळण्याची हौस वाढली आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे तारापोरवाला मत्स्यालय मुंबईत १९५१ साली उघडले, तेव्हा गावाकडून गेलेली मंडळी तो चमत्कार पाहण्यास मुद्दाम जात. आज तो चमत्कार दिवाणखान्यात आला आहे. आणि त्याबरोबरच "पाणी आरशासारखे स्वच्छ, तरी मासे का मेले?" हा प्रश्नही. या पेटीचा विचार येथे मुद्दाम करीत आहोत, कारण ती शेततळ्याचीच लहान प्रतिकृती आहे, आणि तळ्यात जे महिन्यात घडते ते पेटीत दोन दिवसांत घडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. तीस मीटर चौरस व तीन मीटर खोल शेततळे, बाजूंचा उतार एकास एक धरल्यास, भरल्यावेळी सुमारे २२ लक्ष लिटरांचे होते. चूक करण्यास तळ्यात जागा आहे, पेटीत नाही.

पेटीतील मासा बहुधा तीन कारणांनी जातो. नळाचे पाणी तसेच ओतले तर त्यातील क्लोरीन कल्ले जाळते. ते पाणी उघड्या तोंडाच्या भांड्यात एक दिवस ठेवले म्हणजे बहुतेक क्लोरीन उडून जाते. नळ रोज येत नसल्याने घरी पाणी साठवून ठेवणाऱ्यांच्या बाबतीत हे काम आपोआप होते. टंचाईचा एवढा तरी उपयोग! दुसरे कारण नव्या पेटीचे. माशाच्या विष्ठेपासून व उरलेल्या खाद्यापासून अमोनिया तयार होतो. त्यास प्रथम नायट्राइट व नंतर बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये पालटणारे सूक्ष्म जंतू रेतीवर व गाळणीत वाढावे लागतात, आणि त्यांस चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले की आठवड्याभरात ते एकेक करून मरतात. मालक घाबरून पेटी रिकामी करतो, रेती उकळत्या पाण्याने धुतो, सर्व पाणी बदलतो. म्हणजे वाढू लागलेले जंतू मारून पुन्हा आरंभापासून सुरुवात करतो. धुणे हाच तेथे रोग होय. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे, रेती घासू नये व गाळणी पेटीतीलच काढलेल्या पाण्यात खंगाळावी, एवढे बहुधा पुरते.

तिसरे कारण मायेचे. घरातील प्रत्येक जण येता-जाता चिमूटभर खाद्य टाकतो. मुंबईस वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेक वर्षी आल्या आहेत. तेथे कोणी विष टाकीत नाही. पिंड, पीठ, भात असे अन्नच पडते, ते कुजते व कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते. शेततळ्यात टोपलीने ओतलेले ताजे शेण हेच करते. अकोल्याच्या मोर्णा नदीत माजलेली जलपर्णी काढण्यासाठी २०१८ च्या जानेवारीत हजारो नागरिक नदीत उतरले होते, हे अनेकांस आठवत असेल. सांडपाण्यातील खतावर जलपर्णी माजते, पाणी झाकते, प्रकाश अडविते आणि मेली की तळाशी कुजते. मूळ एकच: पाण्यास झेपेल त्याहून अधिक अन्न.

खारपाणपट्ट्यात चुना बेताने

पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाते. तिच्या खोऱ्यातील सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. येथील भूजल खारे, जमीन भारी व चिबड. विहिरीच्या पाण्यावर ओलित करता येत नाही, म्हणून पावसाचे गोड पाणी शेततळ्यात धरून त्यावर हरभऱ्यास एखाद-दुसरे संरक्षित पाणी देण्याची पद्धत येथे विशेष उपयोगाची ठरली आहे. २०१६ साली राज्यात सुरू झालेल्या "मागेल त्याला शेततळे" या योजनेने शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढविली, आणि पाण्याबरोबर मासळीचेही उत्पन्न घेण्याकडे शेतकऱ्यांचे लक्ष वळले.

मात्र मत्स्यसंवर्धनाचे जे साधारण नियम इतर भागांसाठी छापले जातात ते येथे डोळे मिटून लागू करू नयेत. चुन्याचेच उदाहरण घ्या. "तळ्यात चुना टाका" हा सल्ला आम्लधर्मी जमिनीस योग्य आहे. खारपाणपट्ट्यातील जमीन व पाणी आधीच अल्कधर्मी आहे, आणि दाट हिरव्या तळ्यात उन्हाच्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमारास हा अल्कधर्म आणखी वाढतो. कारण वनस्पती पाण्यातील कार्बन डायॉक्साइड शोषून घेतात. अमोनिया दोन रूपांत असतो, एक बरेचसे निरुपद्रवी व दुसरे जहाल. पाण्याचा सामू ७ असता, ३० अंश उष्णतेस, शंभरांतील एक भागदेखील जहाल रूपात नसतो. सामू ८ झाला की सुमारे साडेसात भाग, आणि ९ झाला की सुमारे ४५ भाग जहाल होतात. अमोनिया तेवढाच, पण विषारीपणा पन्नासपटीहूनही अधिक. अशा तळ्यात कळीचा चुना टाकणे म्हणजे जळत्या घरावर तेल टाकण्यासारखे होय. सामूची पट्टी स्वस्त मिळते. तिने सकाळ व दुपार असे दोन वेळा पाहावे, आणि सामू साडेआठच्या वर असेल तर चुन्याचे पोते उघडू नये.

हरभऱ्यास पाणी देताना तळ्याची पातळी झपाट्याने उतरते, मासे मात्र तेवढेच राहतात. तीस मीटर चौरस तळ्याचा पृष्ठभाग सुमारे ९ गुंठे. हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली या मानाने त्यात ४५० ते ९०० बोटुकली पुरेत. "काही मरतीलच" म्हणून तीन-चार हजार सोडणारा शेतकरी ती मरण्याची व्यवस्थाच करीत असतो. पाणी अर्ध्यावर येण्यापूर्वी मोठी मासळी काढून विकावी. शेवटच्या पाण्याबरोबर एकदम काढू म्हटले तर भाव व मासे दोन्ही हातचे जातात.

विष असेल तर

विष नसतेच, असे आमचे म्हणणे नाही. हा कापसाचा मुलूख आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, ही दुःखद घटना कोणी विसरलेले नाही. माणसास त्या मानाने कमी घातक समजली जाणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे माशांस अतिशय जहाल आहेत. पाण्याच्या लिटरात मिलिग्रॅमचे काही हजारांश एवढ्या प्रमाणातही ती मासे मारतात. एंडोसल्फान हेही असेच मत्स्यनाशक होते. त्याच्या विक्रीस व वापरास सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली देशभर मनाई केली. परंतु अशा विषासाठी शत्रू असावाच लागतो असे नाही. फवारणीचा पंप तळ्यात बुचकळून भरणे, सायंकाळी तेथेच तो धुणे, रिकामा डबा काठावर टाकणे, किंवा फवारणीनंतर दोन तासांत पाऊस येऊन वावरातील पाणी तळ्यात उतरणे, यांपैकी एक गोष्ट पुरते. पुष्कळदा हे घरच्याच हातून झालेले असते.

हवेच्या उणिवेचा मृत्यू व विषाचा मृत्यू यांत भेद करण्यास प्रयोगशाळेपूर्वी डोळे उपयोगी पडतात. हवेची उणीव असेल तर मासे मरण्यापूर्वी सर्व पृष्ठभागावर येऊन, तोंडे वर काढून, हवा गिळू लागतात. झिंगे कडेस गोळा होतात. मोठे मासे आधी जातात व लहान मागे राहतात. सिल्व्हर कार्प व कटला लवकर दमतात, सायप्रिनस बराच तग धरतो. मेलेल्या माशाचे तोंड उघडे व कल्ले फाकलेले असतात. आणि सर्वांत बोलकी खूण मरळ, मागूर व शिंगी यांची: हे मासे थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून कटला मरून पडलेल्या तळ्यात ते खुशाल फिरताना दिसतात. गावातील भोई मंडळींस ही गोष्ट पुस्तक न वाचता ठाऊक असते. तपासास जाणाऱ्याने त्यांस सोबत घ्यावे.

विष असेल तर वेळेचे बंधन राहत नाही. भर दुपारीही मासे मरतात. ते वेडेवाकडे पोहतात, उसळ्या मारतात, तोल जाऊन गिरक्या घेतात. लहान बोटुकली आधी मरतात. पाणकिडे व झिंगे त्यांच्याही आधी. मरळदेखील सुटत नाही. कल्ले तपकिरी, चॉकलेटच्या रंगाचे दिसले तर नायट्राइटचा संशय घ्यावा.

डोळ्यांनी पाहिलेले पक्के करावयाचे तर पाणी पहाटेच घेतले पाहिजे. मासे मेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य उगवण्यापूर्वी, काठावरच तपासणी करावी. हवामान तसेच राहिले असेल तर पाण्याचा स्वभाव त्या वेळी उघडा पडतो. बुडापेस्टचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंक्लर यांनी १८८८ साली सांगितलेली पद्धत आजही चालते: काठोकाठ भरलेल्या, बुडबुडा नसलेल्या बाटलीत दोन द्रावणे घालताच साका बसतो. साका तपकिरी असेल तर प्राणवायू आहे. पांढरा राहिला तर नाही. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत काढता येतो, पण एवढा निवाडा काठावर, चार माणसांच्या देखत होतो. पंचनाम्यापेक्षा या पांढऱ्या साक्याने गावातील तंटे अधिक मिटतील, असे आम्हांस वाटते. विषाचा संशय असेल तर घटनेच्या दिवशीच, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, स्वच्छ काचेच्या बाटलीत एक लिटर पाणी व नुकतेच मेलेले किंवा मरणोन्मुख दोन-तीन मासे बर्फात ठेवून, वेळ लिहून, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाच्या सल्ल्याने पाठवावे. सडलेला मासा काहीच सांगत नाही. कारण कळेपर्यंत ती मासळी खाऊ नये, विकू नये व कुत्र्या-कोंबड्यांसही घालू नये.

पहाटे मासे वर आलेले दिसले तर

मासे अद्याप जिवंत आहेत, पण तोंडे वर काढून हवा गिळत आहेत, ही वेळ धावपळीची आहे. इंजिन किंवा मोटर सुरू करून तळ्याचेच पाणी उंचावरून, तोटीस जाळी किंवा झारा लावून, फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडावे. खारपाणपट्ट्यात बोअरचे खारे पाणी घाईने आत सोडू नये. इतरत्रही विहिरीचे पाणी घ्यावयाचे तर तेही उंचावरूनच पाडावे, कारण खोल जमिनीतील पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो. मोटर नसेल तर काठावरून बांबूने पाणी झोडपत राहावे. सूर्य वर येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, हे चालू ठेवावे. त्या दिवशी व पुढील दोन-तीन दिवस कोंडा, ढेप, शेण काहीही टाकू नये. झड लागलेली असताना हाच नियम मरतूक होण्यापूर्वीच पाळावा. मासा दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मात्र पाणी ढवळण्यासाठी कोणीही उतरू नये, पोहणाऱ्यानेही नाही. त्या कागदावर शेवाळाने पाय ठरत नाही व बाहेर येण्यास हातास काही लागत नाही. राज्यात अशा तळ्यांत मुले व मोठी माणसे बुडाली आहेत. चारही बाजूंस गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले असावेत व काठाला कुंपण असावे. मासे सोडण्यापूर्वीची ही कामे आहेत.

मेलेली मासळी जाळीने सर्व वेचून तळ्यापासून दूर खड्ड्यात पुरावी, नाहीतर तीच कुजून दुसऱ्या रात्रीची मरतूक घडविते. पुन्हा बीज सोडण्यापूर्वी पाण्याची परीक्षा बोटुकलीकडूनच करून घ्यावी. बारीक जाळीच्या पिंजऱ्यात दहा-पंधरा बोटुकली सोडून तो दोन दिवस व दोन रात्री तळ्यात बुडवून ठेवावा. दोन्ही पहाटे स्वतः जाऊन पाहावे व थाळीची खोली, सामू, आकाश आणि वारा यांची नोंद तारीख-वेळेसह वहीत करावी. बोटुकली तरतरीत राहिली तरच बाकीचे बीज आणण्यास निघावे, आणि ते तळ्यात सोडताना पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून हळूहळू तळ्याचे पाणी आत घ्यावे.